नरसम्माचा पुनर्वापरांक

माझ्या आईच्या हातांना शंभरपैकी बावन्न मार्क पडले. सत्तरच्या खाली नापास.

मार्क देणाऱ्यांनी अम्माला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या मते ते अम्माला मार्क देतच नव्हते, तिच्या हातांवरून मी लिहिलेल्या सॉफ्टवेअर लायब्ररीला देत होते. पण लायब्ररीचं नावच मी 'नरसम्मा' ठेवलेलं. त्यामुळे स्क्रीनवर निकाल आला तो असा : नरसम्मा, पुनर्वापरास अयोग्य.

मी तो वाचून दाखवला तेव्हा अम्मा खाटेवर बसून लसूण सोलत होती.

"खरंच हाय की," ती म्हणाली. "मला आता कोण वापरतंय?"

ती हसली. मला हसू आलं नाही.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली. घरात तेलुगू, दारात मराठी. बाप्ये मागावर आणि बाया बिडीवर, ही आमच्या गल्लीची जुनी वाटणी. पुढे बिडीवर बंदी आली. बंदी योग्यच होती, तंबाखूच्या भुकटीने आमच्या बायांच्या छात्या पोखरल्या होत्या. पण बंदी घालणाऱ्यांनी तंबाखू तेवढी उचलून नेली आणि बायांना आहे तिथंच बसवून ठेवलं. मग एका युनिटच्या मालकाच्या लक्षात आलं, की या बायांची बोटं अजून जिवंत आहेत. श्रवणयंत्रात केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी लागते. ती गुंडाळणारं मशीन महाग पडतं. बाया स्वस्त पडतात. तेंदूचं पान वळणारी बोटं तार वळायला बसली.

नव्या पोरींना बिडी येत नव्हती. त्यांच्यासाठी हातमोजे आले, आणि सगळ्यांचा वेग सारखा राहावा म्हणून नंतर जुन्या बायांनाही तेच घालायला लावले. मोज्याच्या प्रत्येक बोटात बारीक दोऱ्या आणि इवल्या मोटारी असतात. लहान पोराचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं, तसा मोजा तुमची बोटं धरून वळवतो.

गिरवायला अक्षर हवं. ते अम्माच्या हातांचं होतं. मी तिच्या बोटांना सेन्सर लावून हिवाळाभर तिच्यासमोर बसले, ती तंबाखूशिवायची पानं वळत राहिली, आणि मी ती वळणं कोडमध्ये उतरवली. मी कॉलेजात गेलेले नाही. प्रोग्रॅमिंग मी सोलापुरातल्याच विजापूर वेशीत, इरफान बागवानच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, दुसऱ्यांचा कोड उसवून उसवून शिकले. इरफान माझा भागीदार. लायब्ररीवर लेखक म्हणून दोघांची नावं.

लायब्ररी म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढची मारामारी समजेल. अम्मा बिडीचं पान पत्र्याच्या एका तुकड्यावरून कापायची. पत्रा एक, पानं हजारो. प्रोग्रॅमिंगमध्ये त्या पत्र्याला क्लास म्हणतात आणि पानाला ऑब्जेक्ट. चांगला क्लास एकदा लिहायचा, कुठेही न्यायचा, हवी तेवढी पानं कापायची. अशा क्लासेसचा जुडगा म्हणजे लायब्ररी. 'नरसम्मा'त 'पकड' होता, 'वळण' होता, 'टोक दुमडणे' होता, असे वीसेक होते. आणि एक होता 'विसावा'.

बोट वाकतं ते कंडरेमुळे. कंडरा म्हणजे आतली दोरी. ती हाडालगतच्या बारीक नळीतून सरकते, परकराच्या नेफ्यातून नाडी सरकते तशी. दिवसभर एकच हालचाल केली की नेफा सुजतो, नाडीला गाठ धरते, आणि वाकलेलं बोट वाकलेलंच राहतं. मग दुसऱ्या हाताने ओढून उलगडावं लागतं, तेव्हा कट् असा आवाज येतो. बिडीवाल्या बाया हे टाळायचं कसं ते कुणाला सांगत बसत नसत, करत असत. अम्मा पंचवीस बिड्यांचा एक कट्टा बांधला की सूप गुडघ्यावर आपटायची, भुकटी झाडायची, बोटं सैल सोडायची. कधी कट्टा पुरा व्हायच्या आधीच. दोरी जड सरकायला लागली की.

मी तेच लिहिलं. मोज्यातले सेन्सर कंडरेचं घर्षण मोजत, आणि ते वाढलं की 'विसावा' बोट सोडून देई. थोडाच वेळ, पण देई. बाकीचे सगळे क्लास प्रत्येक हालचालीच्या शेवटी त्याला विचारत, अजून चालू का?

त्या विचारण्याचेच मार्क गेले.

हल्ली प्रोग्रॅम माणसं फारशी लिहीत नाहीत. यंत्रं लिहितात, म्हणजे सामायिक भांडारातून लायब्रऱ्या उचलून एकमेकींना जोडतात. मग कुठली लायब्ररी उचलण्याजोगी, हा प्रश्न आला, आणि प्रमाणन मंडळाने पुनर्वापरांक काढला. कल्पना वाईट नव्हती. वाईट कल्पनेला लोक निदान घाबरतात. एखादा क्लास इतर किती क्लासेसना चिकटलेला आहे, त्याच्या पोटातल्या गोष्टींचा एकमेकींशी किती संबंध आहे, एकाकडून दुसऱ्याकडे आलेल्या वारशाची उतरंड किती खोल आहे, हे मोजायची सूत्रं जुनीच होती. मंडळाने त्यांच्यावर उचल-चाचणी चढवली. मशीन एकेक क्लास उपटतं, हजारो अनोळखी प्रोग्रॅममध्ये टाकतं, आणि जगला का मेला ते बघतं. जगला तर मार्क. माणसाच्या अंगाला लागणाऱ्या कुठल्याही यंत्रात सत्तरच्या खालची लायब्ररी चालवायला बंदी; आधीपासून चालू असलेल्यांना सुधारायला थोडी मुदत.

'वळण' उचलला की तो परक्या प्रोग्रॅममध्ये पाऊल टाकल्या टाकल्या विचारायचा, विसावा कुठंय? तिथं विसावा नसायचा. 'वळण' मरायचा. मशीनने शेरा मारला : सर्व क्लास एकाच क्लासवर अवलंबून. हे अवलंबित्व काढावे.

अरे, हात असाच असतो. पण मशीनशी भांडून काय करता?

त्याच सुमारास अम्माच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी दवाखान्यात, इरफान दुकानात. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

"चौऱ्याण्णव बे," तो म्हणाला.

"कशाचे?"

"नरसम्माचे. अजून कशाचे? काल पाठवली, आज पास."

"केलंस काय?"

"सॉकेट केला." त्याने भिंतीतल्या प्लगकडे बोट दाखवलं. "विसावा आता आत नाही, बाहेर. आत नुसती जागा आहे. ज्याला जो विसावा पाहिजे तो त्याने लावायचा. काहीच लावलं नाही तर एक रिकामा विसावा बसतो. त्याला विचारलं, चालू का, तर तो म्हणतो, चालू दे. कुणी कुणावर अवलंबून नाही. एकदम पुस्तकातल्यासारखं."

खरोखर पुस्तकातल्यासारखंच होतं. इरफानचा हात सुबक आहे. त्याचा कोड वाचताना इस्त्री केलेला शर्ट अंगात घातल्यासारखं वाटतं.

"युनिटात कुठला लावतील?"

"आपलाच की. आपण सोबत दिलाय. कशाला कोण बदलतंय?"

अम्मा डोळ्याला पट्टी बांधून पडली होती. "पेढा दे," ती म्हणाली, "आणि भांडणं बाहेर जाऊन करा."

आम्ही भांडत नव्हतो. तेव्हा नव्हतो.

माझी थोरली बहीण पद्मावती. तिला मी अक्का म्हणते. तिचा नवरा सोलापूरचे माग बंद पडल्यापासून भिवंडीला असतो, आणि अक्का त्या युनिटात तार वळते. रविवारी ती आमच्याकडे जेवायला येते. त्या रविवारी ती भाकरी डाव्या हाताने मोडत होती.

"अक्का, हात दाखव."

"जेव की गप."

"दाखव तिला," अम्मा म्हणाली. "मला मघापासून आवाज येलालाय. माझे डोळे गेले होते, कान नव्हते गेले."

अक्काने उजवा हात ताटावर धरला. करंगळीजवळचं बोट तळहाताकडे वाकलेलं, तिथंच अडकलेलं. तिने डाव्या हाताने ते धरून ओढलं. कट्. बोट उघडलं आणि तिने डोळे मिटून घेतले.

"कधीपासून?"

"मोज्यात नवीन काय ते घातलंय तवापासून. लई पळतोय गं. थांबतच नाही."

"थांबत नाही म्हणजे?"

"थांबत नाही म्हणजे थांबत नाही. तुझीच लायब्ररी हाय, तूच सांग मला." तिने शेंगाचटणी पुढे ओढली. "आधी मधीच हात सोडायचा. आता सोडत नाही. मी ओढून बघितलं, तर मोजा माझ्यापेक्षा ताकदवान हाय."

"मोजा काढून ठेवायचा ना."

"काढला की मोजणी बंद. मोजणी बंद झाली की सुपरवायझर येऊन उभा राहतोय डोक्यावर, जसं काय मीच त्याची तार चोरली."

मी ताटावरून उठले. अक्काने त्याच दुखऱ्या हाताने माझी ओढणी धरली.

"ए विजी. तू काय करू नको. कळतंय का? मार्क कमी झाले तर मोजे बंद पडतात म्हणे, आणि मोजे बंद पडले की आम्ही घरी. तिथं गल्लीतल्या सगळ्या बाया हायत. माझं एक बोट चाललंय, त्यांच्या चुली नको बंद करू."

"एक बोट नाही अक्का. एकेक करून सगळी जातील."

"मग जातील तवा बघू."

हे तिने इतकं सहज म्हटलं, की मला त्या मालकाचा नाही, तिचाच राग आला. आपल्या माणसाला आपलंच बोट स्वस्त वाटायला लागलं की लुटणाऱ्याला काही करावं लागत नाही.

मी तडक विजापूर वेशीत गेले. इरफान एका फोनची बॅटरी उपसत होता.

"मालकाने सॉकेटमध्ये काहीच लावलं नाही," मी म्हटलं. "रिकामा विसावा चाललाय. चालू दे, चालू दे, चालू दे. अक्काचं बोट अडकलं."

त्याने चिमटा खाली ठेवला. चेहरा पडला त्याचा, ते मी पाहिलं. पण तोंडातून निघालं ते असं : "मी काढलेलं नाहीये विजी. मी पर्याय ठेवलाय."

"पर्याय मालकाला ठेवलास. बोट अक्काचं आहे."

"मग काय करू? परत चिकटवू? चिकटवलं की बावन्न. बावन्न झालं की मोजे बंद. तूच म्हणाली असतीस, बायांच्या पोटावर पाय दिला म्हणून." त्याने गल्ल्यावर मूठ आपटली. "वेगळा ठेवला तर काढून टाकतात, जोडून ठेवला तर नापास करतात. सांग ना तिसरं काय आहे."

तिसरं मला सुचत नव्हतं. घरी येऊन मी अम्माची हिवाळ्यातली सगळी रेकॉर्डिंग पुन्हा काढली आणि दिवसचे दिवस बघत बसले. कट्टा बांधून सूप आपटणं मोठं होतं, ते कुणालाही दिसलं असतं. मी बारीक बघत गेले. एकेका बिडीत. पान वळलं, की बोटाची पकड पुढच्या हालचालीआधी किंचित ढिली पडायची. टोक दुमडलं, पुन्हा ढिली. हालचाल आणि विसावा यांच्यामध्ये रेघ ओढायला मी जागा शोधत होते, आणि जागाच नव्हती. हालचालीचं शेपूट म्हणजेच विसावा. हे दोन वेगळे क्लास आहेत हे मी ठरवलं होतं, अम्माच्या हाताने नव्हे. मला पुस्तकांनी शिकवलं होतं, दोन कामं दिसली की दोन क्लास कर. मी केले. आणि ज्याचा वेगळा तुकडा करता येतो, तो फेकताही येतो.

दुकानात जाऊन मी इरफानला सांगितलं, की 'विसावा' हा क्लासच नको. सॉकेट नको. प्रत्येक क्लासच्या पोटात, त्याच्या हालचालीच्या गणितातच तो मिसळायचा. 'वळण'चा विसावा 'वळण'मध्ये, 'पकड'चा 'पकड'मध्ये.

इरफान म्हणाला, "म्हणजे एकच गोष्ट सगळीकडे परत परत लिहायची?"

"हो."

"बे, हे पाप आहे."

आमच्या धंद्यात हे खरंच पाप आहे. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, एक गोष्ट दोनदा लिहू नको.

"उद्या त्यात चूक निघाली तर वीस ठिकाणी दुरुस्त करत बसशील," तो म्हणाला.

"करत बसेन. आणि कुणाला विसावा उपटायचा असला, तर त्यालाही वीस ठिकाणी उपटावा लागेल. उपटला की वळण बिघडेल, वळण बिघडलं की तार तुटेल. बघू दे उपटून."

"घाण दिसेल कोड."

"दिसू दे."

"माझं नाव आहे त्याच्यावर."

"माझ्या आईचं आहे."

त्याने मदत केली नाही, आडवाही आला नाही. मी लिहिलं आणि मंडळाकडे टाकलं.

मशीनने 'वळण' उपटला, परक्या प्रोग्रॅममध्ये टाकला. 'वळण'ने कुणालाच काही विचारलं नाही. जगला. 'पकड' जगला. सगळे जगले. मशीन एका वेळी एकच क्लास उचलून बघतं. सगळ्यांच्या पोटात तेच आहे, हे बघायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सत्त्याण्णव मार्क पडले. इरफानच्या इस्त्रीच्या कोडपेक्षा तीन जास्त. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

लेखकाने नवी आवृत्ती टाकली की भांडारातून जुनी जाते आणि सगळ्या यंत्रांत नवी आपोआप उतरते. हा नियम मंडळाचाच. सोमवारी ती युनिटातल्या मोज्यांत उतरली. संध्याकाळी अक्का दारात उभी.

"काय केलंस गं तू?"

"हात सुटतोय का?"

"सुटतोय."

"मग?"

"मग मालक बोंबलालाय. सुपरवायझर मोजा झटकून बघतोय, मोजा बिघडला म्हणून. नवीन पोरी हसायल्यात. एकीचा हात सुटला की तिने केस बांधून घेतले, मोज्यासकट." अक्का उंबऱ्यावर बसली. "मला सांगितलं होतंस का? मी नको म्हटलं होतं का नव्हतं?"

"म्हटलं होतंस."

"मग का केलंस?"

"तुझं बोट तुझ्या एकटीचं नाही म्हणून."

जेवताना तिने भाकरी उजव्या हाताने मोडली. मोडताना तोंड वाकडं झालं, तरी उजव्याच हाताने.

गोष्ट इथं संपली असती तर मालकाचं आणि माझं एकमेकांना शिव्या देऊन भागलं असतं. पण सत्त्याण्णव ही साधी गोष्ट नव्हती. लायब्रऱ्या निवडणारी यंत्रं कोड वाचत नाहीत, अंक बघतात, आणि इतका वरचा अंक भांडारात फारच थोड्यांना होता. त्यांनी 'नरसम्मा' उचलायला सुरुवात केली. अर्धांगाच्या रोग्यांना पुन्हा घास धरायला शिकवणाऱ्या मोज्यांत ती गेली. कुठं खोकी भरणाऱ्यांच्या, कुठं मासे सोलणाऱ्यांच्या, कुठं बाहुल्यांना केस टाचणाऱ्यांच्या हातात गेली. जिथं गेली तिथं अम्माचा विसावाही गेला. ज्या गावांची नावं मला उच्चारता येत नाहीत, तिथं बायकांचे हात मधेच सुटायला लागले. रोग्यांच्या घरून कौतुक आलं. कारखान्यांकडून तक्रारी आल्या. मंडळाने तक्रारी वाचल्या.

आम्हाला पुण्याला बोलावलं. सुनावणी घेणारे निनाद कारखानीस, मंडळाचे मापन-प्रमुख. उचल-चाचणी त्यांनीच बांधलेली. आवाज मऊ, माणूस सभ्य. सभ्य माणसाशी भांडताना जास्त दम लागतो.

"विजयालक्ष्मीताई," ते म्हणाले, "तुमचा कोड मी स्वतः वाचला. खरं सांगू? वाचवत नाही. एकच गोष्ट वीस वेळा. उद्या त्या गणितात दोष निघाला आणि एका ठिकाणी दुरुस्त करायचा राहिला, तर कुणाचा तरी हात मोडेल. ही शिस्त आम्ही उगीच नाही ठेवलेली."

"ते बरोबर आहे," मी म्हटलं. "मग सत्त्याण्णव कुणी दिले?"

"मापाला फसवून मिळवलेत."

"माप तुमचं आहे. मी त्याला काहीच खोटं सांगितलं नाही. ते जे विचारतं त्याचं उत्तर दिलं. ते विचारतच नाही, त्यात माझा काय दोष?"

ते किंचित हसले. "विसावा असू नये असं आमचं म्हणणंच नाही. तो वेगळा काढा, सॉकेट द्या. कधी थांबायचं ते वापरणाऱ्याला ठरवू दे."

"वापरणारा कोण?"

"म्हणजे?"

"मोजा घालते ती, का मोजा विकत घेतो तो?"

त्यांनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. त्या कायदा बघणाऱ्या असाव्यात. "नियमात वापरकर्ता म्हणजे खरेदीदार," त्या म्हणाल्या.

"झालं तर मग," मी म्हटलं. "खरेदीदाराला बोटं दुखत नाहीत. त्याला काय म्हणून विचारायचं?"

कारखानीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज तसाच मऊ. "महिनाअखेरपर्यंत सॉकेट असलेली आवृत्ती टाका. नाही टाकलीत तर लेखक म्हणून तुमची नोंदणी रद्द होईल. दोघांचीही. नाव जाईल, मानधन जाईल, पुढे भांडारात काही टाकता येणार नाही. मला हे करायला आवडणार नाही."

"रद्द केली तर नरसम्माचं काय होईल?"

"ती राहील. हजारो प्रोग्रॅम तिच्यावर उभे आहेत, ती काढली तर ते पडतील."

"राहील म्हणजे कशी राहील?"

मला नियम पाठ होता. इरफानच्या दुकानात मी दुसऱ्यांचे कोड उसवले तसे मंडळाचे नियमही उसवले होते. पण मला ते त्यांच्या तोंडून हवं होतं.

"बेवारस लायब्ररी गोठवली जाते," शेजारच्या बाईच म्हणाल्या. "लेखकच नसल्यामुळे तिच्यात कुणालाही बदल करता येत नाही. मंडळालाही नाही. नक्कल करून बदलायची तर जिच्या हातांवरून घेतली त्या व्यक्तीची संमती लागते." आणि मग हळूच, "अरे देवा."

"महिनाअखेर कशाला?" मी म्हटलं. "आजच काढा माझं नाव."

कारखानीस माझ्याकडे बघत होते, पण मला भीती त्यांची नव्हती. एक जरी लेखक नोंदीवर राहिला तरी लायब्ररी गोठत नाही. आणि राहिलेल्या लेखकाला मालक गाठू शकतो, मंडळ धमकावू शकतं, पैशाने वाकवता येतं. दुसरा लेखक माझ्या शेजारी बसला होता. त्याला दोन पोरी आहेत, दुकानाचं भाडं आहे, आणि सकाळपासून तो एक शब्द बोलला नव्हता. मी त्याला काही मागितलं नाही. त्याच्या घरातला घास मागायचा मला हक्क नव्हता.

इरफानने घसा खाकरला.

"सर, एक विचारू का? तुम्ही वाचलात ना कोड? घाण आहे ना?"

"आहे," कारखानीस म्हणाले.

"मलाही तसंच वाटतं. मी हिला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." त्याने नोंदणीचं कार्ड टेबलावर ठेवलं. "असल्या कोडवर मला माझं नाव नको. काढून टाका."

बाहेर जिन्यात मी त्याला काहीतरी म्हणणार होते. "गप बस," तो म्हणाला. "चौऱ्याण्णवचा कोड होता माझा. एकदम क्लीन. तुझ्यामुळे गेला." आणि एसटी स्टँडपर्यंत त्याने मला चहासुद्धा विचारला नाही.

आता मी त्याच्याच दुकानात फोन दुरुस्त करते. मानधन बंद आहे. भांडारात 'नरसम्मा'च्या खाली लेखकाच्या जागी रिकामी चौकट आहे. मंडळ पुनरावृत्ती पकडणारं नवं माप बनवतंय म्हणे. बनवू दे, चांगलं आहे, पुढच्यांना उपयोगी पडेल. गोठलेल्याला ते लागू होत नाही. युनिटाकडून एक माणूस अम्माची संमती घ्यायला आला होता, पिशवीभर फळं घेऊन. अम्माने फळं ठेवून घेतली आणि अंगठा दिला नाही. डोळा नवा आहे, म्हणाली, डॉक्टरने कागदाकडे बघायला मनाई केलीय.

अक्काचं बोट अजून सकाळी अडकतं. दुपारपर्यंत सुटतं. पूर्ण बरं होईल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. बाकीची बोटं शाबूत आहेत. नव्या पोरींच्या हातांना काही झालेलं नाही, आणि काय झालं असतं हे त्यांना माहीतही नाही. तेच पाहिजे होतं.

परवा अक्का दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. इरफानने तिला खुर्ची दिली, ती त्यात धपकन बसली आणि पाय लांब केले. पाय सुजलेले होते, चपलेचा पट्टा कातड्यात रुतला होता.

"हे काय?"

"मालकाने स्टुलं उचलली," अक्का म्हणाली. "मोज्याला काय करता येईना तर. हात सुटला की बाया बसल्या बसल्या मांडीवर टाकतात, त्याला ते बघवंना. आता दिवसभर उभं राहून वळायचं. पायाखाली यंत्राचा पाट दिलाय, जागेवरनं हललं की शिट्टी वाजते." तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "या खेपेला मी काय नको म्हणत नाही."

इरफानने हातातला फोन बाजूला ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. "या खेपेला कोड मी लिहिणार," तो म्हणाला. "नाव कुणाचंही लागू दे."

मी सेन्सरची डबी काढली आणि अक्कासमोर जमिनीवर बसले.

"चप्पल काढ," मी म्हटलं.